पहिली उजळणारी तलवार: सुरुवात मुठीपासून

प्रश्न एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा आहे. नाटकासाठी धोपेच्या घाटाची, सरळ पात्याची, निळ्या उजेडाची तलवार करायची आहे. कळ दाबताच उजेड मुठीकडून टोकाकडे धावत गेला पाहिजे. प्रसंगात थोडी झटापट आहे. सोल्डरिंगचा अनुभव नाही. अशा वेळी कोणती एलईडी पट्टी घ्यावी, एवढेच त्यांनी विचारले आहे.

पट्टीचे नाव मी सांगेन, पण त्याआधी एक आग्रहाची विनंती आहे. पट्टी सर्वांत आधी विकत घेऊ नका. उजळणारी तलवार पात्यात दिसत असली तरी ती ठरते मुठीत, कारण सेल, मंडल (सर्किट), कळ, फ्यूज आणि पात्याचा सांधा हे सारे तुमच्या पंजात मावणाऱ्या नळीत बसवायचे असते. मुठीत जेवढी जागा तेवढाच सेल, सेल जेवढा तेवढाच प्रवाह आणि प्रवाह जेवढा तेवढाच उजेड, अशी ही साखळी आहे. नवखे कारागीर बहुतेक वेळा ती उलटी धरतात: आधी सर्वांत झगझगीत पट्टी आणतात, ती पात्यात चिकटवून टाकतात आणि मग तिला पुरेल असा सेल मुठीत मावत नाही म्हणून तारा बाहेर काढून खिशातल्या पॉवर बँकेला जोडतात. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. रंगमंचावरची तलवार कधी ना कधी बंद पडतेच, म्हणून तिचा प्रत्येक भाग स्क्रू काढून उघडता आला पाहिजे. पुढे जे सांगणार आहे ते या दोन गोष्टींना धरूनच आहे.

आधी पात्याचा प्रकार ठरवू. धोपेचे पाते चपटे असते, त्यामुळे चपटे पारदर्शक पातेच करावे असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. ॲक्रिलिकच्या पट्टीत मुठीकडून उजेड सोडला की तो आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो आणि जिथे कोरलेले असेल तिथे बाहेर पडतो. शोभेच्या वस्तूंमध्ये हा प्रकार फार सुंदर दिसतो. परंतु ८० सेंटिमीटर लांबीवर टोकाकडचा उजेड क्षीण होतो, आणि मुख्य म्हणजे ॲक्रिलिक आघाताने तडकते व त्याचे तुकडे धारदार असतात. ज्या प्रसंगात एक नट दुसऱ्यावर तलवार उगारणार आहे तिथे ॲक्रिलिकचे पाते मी कोणालाही सुचवणार नाही. पॉलीकार्बोनेट वाकते, पण सहसा फुटत नाही. म्हणून पहिल्या तलवारीसाठी पॉलीकार्बोनेटची गोल नळी घ्या: बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, लांबी ९० सेंटिमीटर. त्यातले १० सेंटिमीटर मुठीत जातील आणि ८० बाहेर दिसतील. प्रेक्षागृहात काही रांगा मागे बसलेल्या माणसाला नळी गोल आहे की चपटी हे कळत नाही. त्याला दिसते ती उजेडाची सरळ रेघ. धोपेची ओळख पटते ती मूठ आणि परज (मुठीचा हात राखणारा भाग) यांवरून, तेव्हा घाटाची सगळी मेहनत तिथे करावी.

आता झटापटीचा प्रश्न. तलवारींवर खरोखर घाव बसणार असतील, तर पात्यात एलईडी पट्टी ठेवू नये. तेव्हा मुठीच्या तोंडाशी एकच ३ वॉटचा एलईडी भिंगासह बसवतात आणि पाते रिकामी नळी ठेवतात. नळी बदलली की तलवार पुन्हा नवी. या रचनेत उजेड धावत जाताना मात्र दिसत नाही. तुम्हाला तो धावता उजेड हवा आहे, म्हणून पट्टी हवी, आणि पट्टी हवी म्हणून घाव समोरच्या पात्यापासून वीतभर अलीकडे थांबवण्याची तालीम हवी. हे दिग्दर्शकाशी आजच बोलून घ्या, कारण तलवार तयार झाल्यावर हालचाली बदलणे नटांना जड जाते.

पट्टी डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारची, एका मीटरला ६० एलईडी असलेली घ्यावी. हिच्यातला प्रत्येक एलईडी स्वतंत्रपणे पेटवता येतो, म्हणूनच उजेड धावू शकतो. मीटरला १४४ एलईडी असलेली पट्टी अधिक एकसंध दिसते, पण पहिल्या तलवारीत तिचा मोह टाळावा, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. पात्याच्या दोन्ही अंगांनी उजेड हवा, म्हणून ८० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसतील. ६० च्या पट्टीत एका बाजूला ४८, म्हणजे एकूण ९६ एलईडी होतात. एका एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात आणि प्रत्येक भाग जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर घेतो असे धरतात. सगळे पूर्ण पांढरे पेटले तर ९६ गुणिले ६० म्हणजे ५.७६ अँपिअर, नुसता निळा पेटला तर १.९२ अँपिअर. मुठीतल्या एका सेलकडून पहिला आकडा मागू नये, दुसरा सहज मागता येतो. तुमची तलवार निळीच आहे हे या हिशेबाने फार सोयीचे झाले आहे. शिवाय प्रोग्राममध्ये तेजस्विता निम्म्यावर आणली, तर अंधाऱ्या रंगमंचावर फरक जेमतेम जाणवतो आणि प्रवाह एक अँपिअरच्या आसपास येतो.

सेल १८६५० या मापाचा लिथियम-आयन घ्यावा. नावाप्रमाणे त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. संरक्षक मंडल असलेला सेल याहून काही मिलिमीटर अधिक लांब असतो आणि तुम्ही तोच घ्यावा, कारण तारा चुकून एकमेकींना टेकल्या तर ते मंडल पुरवठा तोडते. सेलवर छापलेल्या क्षमतेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. या मापाचे चांगले सेल साधारण २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास या पट्ट्यात असतात. ९९०० असे छापलेला स्वस्त सेल दिसला की तो बाजूला ठेवावा. खरोखर २६०० क्षमतेचा सेल एक अँपिअरच्या भाराला दोन तासांहून थोडा अधिक पुरतो, आणि एका प्रयोगात तलवार सलग तेवढा वेळ पेटलेली नसते. सेलला थेट सोल्डर कधीही करू नये. उष्णतेने तो आतून बिघडतो. तो होल्डरमध्ये बसवावा, आणि चार्ज करताना मुठीतून बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावावा. मुठीतच चार्जिंगची सोय करणारे छोटे मंडल बाजारात मिळते आणि ते वाईट नाही, पण पहिल्या तलवारीत जोडण्या जितक्या कमी तितके चांगले.

ही पट्टी ५ व्होल्टची म्हणून विकली जाते. तरी या सेलच्या ३.७ ते ४.२ व्होल्टवर ती चालते, त्यामुळे व्होल्टेज वाढवणारे वेगळे मंडल लागत नाही. मात्र निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास पुरतात. म्हणून सेल उतरू लागला की निळा आधी मंदावतो. प्रत्येक प्रयोगाला पूर्ण भरलेला सेल लावणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. याच कारणासाठी पट्टीला वीज फक्त मुठीकडून देऊ नये. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो आणि टोकापर्यंत जाताना व्होल्टेज घटते, म्हणून सेलच्या धन आणि ऋण अशा सिलिकॉनच्या आवरणाच्या दोन तारा पात्याच्या टोकापर्यंत नेऊन तिथेही जोडाव्यात. २२ गेजची तार पुरेशी आहे.

मंडलासाठी आर्डुइनो प्रो मिनी हे प्रोग्राम भरता येणारे छोटे नियंत्रक मंडल घ्यावे, पण त्याचा ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झचाच प्रकार मागून घ्यावा. तो जेमतेम ३३ मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद आहे आणि एका सेलवर नीट चालतो. प्रोग्राम भरण्यासाठी यूएसबीचे छोटे जोडमंडल वेगळे घ्यावे लागते, एवढीच त्याची अडचण. मंडलाच्या एका पिनपासून पट्टीच्या डेटाच्या तारेकडे जाताना मध्ये ३३० ओहमचा रोधक लावावा आणि पट्टीच्या धन व ऋण टोकांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. पहिला डेटाच्या संकेतातले उसळते झटके शोषतो, दुसरा वीज सुरू होतानाचा धक्का सावरतो. कपॅसिटरवर ऋण बाजू पट्ट्याने दाखवलेली असते, ती उलटी जोडू नये. दोन्ही पट्ट्यांच्या डेटाच्या तारा एकत्र करून त्याच पिनला जोडल्या की दोन्ही बाजूंना एकच आज्ञा जाते आणि प्रोग्रामला फक्त ४८ एलईडी मोजावे लागतात. पट्टीवर बाण छापलेला असतो. डेटा बाणाच्या दिशेनेच वाहतो, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांचे बाण मुठीकडून टोकाकडे असलेच पाहिजेत.

प्रोग्रामबद्दल फार लिहीत नाही, कारण हा भाग दिसतो तितका अवघड नाही. अशा पट्ट्या चालवणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संचातले, म्हणजे निओपिक्सेल लायब्ररीतले, 'सिंपल' हे उदाहरण उघडले की एकामागून एक एलईडी पेटवणारी ओळ तयारच सापडते. दोन एलईडींमध्ये ६ मिलिसेकंदांचा अवकाश ठेवला तर ४८ एलईडी ०.३ सेकंदाच्या आत पेटतात, आणि माझ्या मते तलवारीला हा वेग शोभतो. त्याहून संथ उजेड म्यानातून उपसल्यासारखा न वाटता वर चढल्यासारखा वाटतो. विझवताना तोच क्रम उलटा करावा. आवाज, लुकलुक, रंग बदलणे हे सारे दुसऱ्या तलवारीसाठी राखून ठेवा.

कळींच्या बाबतीत मात्र मला थांबून सांगायचे आहे, कारण पहिल्या तलवारी इथेच अधिक बिघडतात. मंडलावर बसणारी छोटी दाबकळ साधारण ५० मिलिअँपिअरपुरतीच केलेली असते. तिच्यातून पट्टीचा पूर्ण प्रवाह नेला तर ती काही दिवसांत आतून जळते किंवा चिकटून बसते. म्हणून दोन कळी ठेवाव्यात. मुख्य कळ ३ अँपिअर सहन करणारी, सरकती किंवा रॉकर प्रकारची, मुठीच्या मागच्या टोकाशी. आणि नटाच्या अंगठ्याखाली येणारी छोटी दाबकळ, जी फक्त प्रो मिनीच्या पिनला इशारा देते. मुख्य कळ वगळता येत नाही, कारण या पट्टीतले एलईडी विझलेले दिसत असतानाही प्रत्येकी सुमारे एक मिलिअँपिअर घेत राहतात. ९६ एलईडींचे मिळून ते इतके होते की साधारण एका दिवसात सेल रिकामा होतो. सेलच्या धन टोकाला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. हा फ्यूज स्वस्त आहे, आणि नटाच्या हातात पेटणारी वस्तू देताना तो नसणे मला मान्य नाही.

सोल्डरिंगची भीती बाळगू नका, पण सराव पट्टीवर करू नका. जुन्या तारांचे तुकडे घेऊन आठवडाभर रोज थोडे सांधे करा. २५ वॉटचे साधे सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनयुक्त सोल्डर तार पुरते. आयर्नचे टोक आधी तारेला टेकवून तार तापवावी आणि सोल्डर तारेवर वितळू द्यावे. थेट आयर्नच्या टोकावर वितळवून थापलेला डाग वरून चकचकीत दिसला तरी आत धरलेला नसतो. प्रत्येक सांधा ओढून पाहावा, मल्टिमीटरने तपासावा, त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते.

सगळे भाग आधी टेबलावर पसरून जोडा आणि तासभर पेटते ठेवा. फ्यूज, कळ, पट्टी यांपैकी काही गरम होते का हे हाताने पाहा. या परीक्षेत उतरल्याशिवाय काहीही चिकटवायचे नाही, हा नियम मी शिकवताना कधीच शिथिल करत नाही.

पाते असे बांधावे. १२ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी नळीएवढ्या लांबीची कापून घ्या. तिच्यावर आधी उष्णतारोधक पिवळी कॅप्टॉन टेप गुंडाळा, नाहीतर एलईडी पट्टीच्या पाठीमागचे सोल्डरचे ठिपके धातूला टेकून शॉर्ट होईल. मग दोन्ही अंगांना एलईडी पट्ट्या चिकटवा आणि टोकाकडे जाणाऱ्या तारा धातूच्या कडांना लागून न्या. नळीचा आतला व्यास २१ मिलिमीटर असल्यामुळे चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा राहते, आणि ती फार मोलाची आहे. नुसती पट्टी नळीत घातली तर एलईडींचे सुटे ठिपके दिसतात. उजेड पसरवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेष्टनात येतो तो पातळ पांढरा फोम, साधारण एक मिलिमीटर जाडीचा, पट्टीभोवती एक वेढा गुंडाळावा. दोन वेढे घेतले तर ठिपके पूर्ण जातात, पण उजेडही बराच जातो. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग ४०० नंबरच्या काचपेपरने पाण्याखाली एकाच दिशेने घासला की काच असल्याचा भास जाऊन पाते दुधाळ दिसते. टोकाला लाकडाचा किंवा रबराचा गोलसर बूच बसवावा आणि त्याच्या आतल्या बाजूला चंदेरी कागदाची चकती लावावी. तिच्यावरून उजेड परत फिरतो आणि टोक काळे पडत नाही.

पॉलीकार्बोनेटच्या जवळ थिनर, ॲसिटोन किंवा फेविक्विक आणू नका. पहिल्या दोघांनी त्यात बारीक भेगा पडतात, तिसऱ्याने पांढुरका धूर बसतो. बूच बसवायला दोन भागांचा इपॉक्सी वापरावा.

या मापांनी नळीचे वजन सुमारे १५५ ग्रॅम आणि धातूच्या पट्टीचे ८५ ग्रॅम होते. सेल, मंडल आणि मूठ मागे असल्यामुळे तोल परजेच्या पुढे चार-सहा बोटांवर आणता येतो, आणि तसा तोल असला की नटाचे मनगट दमत नाही. तोल पुढे गेला असेल तर मुठीच्या मागच्या टोकात लोखंडी नट-बोल्टांचे वजन भरावे.

मुठीसाठी ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरेसा आहे. आतून तो साधारण २८ मिलिमीटर भरतो. सेलचा होल्डर त्यात घट्ट होतो, म्हणून त्याचे कोपरे कानशीने गोल करावे लागतात. होल्डर, प्रो मिनी आणि फ्यूज हे सारे एका लाकडी पट्टीवर बसवावे आणि ती पट्टी मागून पाइपमध्ये सरकवावी. बिघाड झाला की मागचे बूच उघडून सगळे एकदम बाहेर येते. पात्याकडे जाणाऱ्या तीन तारा जेएसटी कनेक्टरने, म्हणजे ओढून सोडवता येणाऱ्या छोट्या जोडणीने, जोडाव्यात, सोल्डरने नव्हे, आणि नळी पाइपमध्ये दोन स्क्रूंनी आवळावी. नळी २५ आणि पाइप आतून २८, ही फट टेपचे वेढे देऊन भरून काढावी. स्क्रू पट्टीला किंवा तारेला लागणार नाहीत अशा जागी भोके पाडावीत.

१० सेंटिमीटर पात्याला, ४ कनेक्टरला, ४ मंडलाला, ८ सेलला आणि २ बुचाला धरले तर मूठ २८ सेंटिमीटरची होते. एका हाताच्या तलवारीला ही लांबी जास्त वाटेल. पण आपल्याकडच्या खांड्याच्या मुठीला मागे बाहेर आलेला दांडा असतो आणि तो दुसऱ्या हाताच्या आधाराला वापरत. सेलचा भाग तसाच बारीक, स्वतंत्र दिसेल असा घडवला तर लांबी खटकत नाही, उलट शोभते. परज आणि तिची वाटी ५ मिलिमीटरच्या ईव्हीए फोममधून कापावी, गरम हवेने वळवावी आणि फेविकॉल एसआरने जोडावी. धातूची परज दिसायला भारदस्त असली, तरी ती सहकलाकाराच्या बोटांवर आपटते. रंग आधी काळा द्यावा आणि कोरड्या ब्रशने वरच्या कडांवर पितळी ओढावा. पकडीच्या जागी सुती दोरी गुंडाळावी, कारण घामाने ती निसटत नाही.

वापरात आलेल्या वस्तूंकडे मूठ म्हणून पाहण्याची सवयही लावून घ्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील नायकाच्या तलवारीची मूठ ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती. त्या चित्रपटात पात्याचा उजेड नंतर चित्रफितीवर रंगवला गेला. तुमच्या तलवारीचा उजेड मात्र नटाच्या चेहऱ्यावर खरोखर पडणार आहे, आणि एवढ्या खटाटोपाचे चीज तिथेच होते. म्हणून प्रकाशयोजनाकाराला आधी सांगून ठेवा, की तलवार पेटते त्या क्षणी मंचावरचा इतर उजेड उतरला पाहिजे. नाहीतर सगळ्यांत झगझगीत पट्टीही फिकी दिसते.

सुटे भाग पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नळी प्लास्टिकच्या शीट आणि रॉड विकणाऱ्यांकडे विचारावी, आणि विकत घेण्याआधी व्हर्नियरने आतला व बाहेरचा व्यास मोजावा, कारण इंची आणि मिलिमीटरची मापे दुकानात सर्रास एकमेकांच्या नावाने खपतात.

प्रयोगाच्या पेटीत भरलेला दुसरा सेल, दोन फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर आणि जमल्यास पट्टीसह बांधलेले दुसरे पाते ठेवा. कनेक्टर आणि दोन स्क्रूंमुळे पाते मध्यंतरात बदलता येते. रस्त्याने नेताना तलवार कापडी पिशवीत बंद ठेवावी, कारण लांबून ती खरी वाटू शकते. विमानाने जायचे झाले तर तलवार सामानात द्यावी लागेल, पण सुटा सेल नियमाने हातातल्या बॅगेतच न्यावा लागतो, टोकांवर टेप लावून. दौरा संपल्यावर सेल काढून घ्या आणि पूर्ण भरलेला न ठेवता निम्म्यापर्यंत, म्हणजे ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून, थंड जागी ठेवा.